माळ्यावर टाकलेली बॅट

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे.

थांबा, थांबा! चेंडू आणायला पळू नका. मी ती बॅट नव्हे. मला दांडा नाही, मला कोणी ग्रिप चढवली नाही, माझ्यावर कुठल्या खेळाडूची सही नाही. मी म्हणजे एक पांढरी, जाडजूड, मऊ अशी लांबट चौकोनी घडी. घराचं सीलिंग आणि वरची कौलं यांच्यामधल्या पोकळीत मला अंथरतात. मग थंडीत घरातली ऊब वर पळून जात नाही आणि उन्हाळ्यात वरचा ताव खाली उतरत नाही. यालाच इन्सुलेशन म्हणतात, आणि त्याच्या एकेका तुकड्याला इथे ऑस्ट्रेलियात म्हणतात बॅट. का म्हणतात ते मला विचारू नका. त्या नावाने माझ्या आयुष्याचा जो काही घोळ घातला, तोच सांगायला बसले आहे.

मागच्या जन्मी मी पाण्याची बाटली होते. कोणीतरी मला पिऊन मैदानावर भिरकावलं. पुढे मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात मला धुतलं, वितळवलं, माझे बारीक धागे काढले आणि ते विंचरून माझा हा नवा जन्म केला. काम मिळालं ते जगातलं सगळ्यात सोपं. पडून राहायचं. बस्स! वीज नको, पाणी नको, सर्व्हिसिंग नको. माझ्या धाग्यांत हवा अडकून बसते आणि जागची हलत नाही, एवढीच माझी करामत. पडून राहण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण अहो, पडून राहायचं झालं तरी योग्य जागी पडावं लागतं की नाही? नेमकं तिथेच सगळं बिनसलं.

आम्ही सगळ्या बहिणी एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या होतो. दुकानात सेल लागला आणि श्रीनाथने आम्हाला उचललं. श्रीनाथ म्हणजे आमचा मालक. पुण्याचा इंजिनीयर, कॅनबेरात सरकारी खात्यात नोकरीला, तिथल्याच गुंगालिन या उपनगरात घर. खात्यात याचं काम काय, तर घरांमधून आणि इमारतींमधून होणारं कार्बनचं उत्सर्जन कसं कमी करायचं, हे सरकारला समजावून सांगणं. हे लक्षात ठेवा बरं का. मला ते आजतागायत विसरता आलेलं नाही.

या घराला मागे एक खोली होती. आधीच्या मालकाने ती नंतर वाढवलेली, आणि वाढवताना तिच्या सीलिंगवर काहीही घातलं नव्हतं. वर नुसती पोकळी आणि कौलं. आम्हाला आणलं होतं ते त्या खोलीसाठी.

श्रीनाथ पिशवी मिठीत घेऊन दारातूनच ओरडला, "मिताली, बघ काय आणलंय! हाफ प्राइस! मागच्या खोलीचं इन्सुलेशन!"

मिताली, म्हणजे त्याची बायको, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "अरे वा. मग आत्ताच्या आत्ता माळ्यावर टाक. नाहीतर राहून जाईल."

"टाकतो, टाकतो."

आता ऐका. मितालीच्या मनातला माळा म्हणजे सीलिंगवरची ती पोकळी. आणि श्रीनाथच्या मनातला माळा? या पठ्ठ्याने गॅरेजमध्ये छताजवळ एक लांबलचक फळी ठोकली होती. पुण्यात त्यांच्या मोरीवर माळा असायचा, त्याची आठवण म्हणून घरातले त्या फळीलाही माळाच म्हणत. तो शिडीवर चढला, आम्हाला त्या फळीवर ढकललं, हात झटकले आणि खाली उतरला.

"टाकलं गं माळ्यावर!"

"गुड," मिताली म्हणाली.

झालं! ती समजली, काम झालं. तो समजला, तात्पुरतं ठेवायला सांगितलं, अंथरू पुढच्या वीकएंडला. शेजारी मोडकी सूटकेस, तुटका टेबलफॅन आणि आम्ही. मराठी माणसाने एकदा का वस्तू माळ्यावर टाकली, की ती परत कधी खाली येते ते तुम्हाला माहीतच आहे.

तो पुढचा वीकएंड काही उजाडेना. आधी म्हणे इलेक्ट्रिशियनला बोलवून वरच्या दिव्यांच्या वायरी तपासायला हव्यात. बरोबर आहे, तपासायलाच हव्यात. पण इलेक्ट्रिशियन म्हणाला, "नेक्स्ट वीक, मेट, नो वरीज," आणि हा वर्षभर त्या नेक्स्ट वीकची वाट बघत बसला. मग उन्हाळा आला, वर फार तापतं. मग हिवाळा आला, वर फार गारठा. मग पाठ धरली. मग वर कोळी असतात असं कोणीतरी सांगितलं. अरे, इतकी कारणं शोधायला लागणाऱ्या अकलेत अर्धी खोली अंथरून झाली असती!

बरं, बाकी खर्चाला हात आखडता होता म्हणावं, तर तसंही नाही. कौलांवर सोलरच्या पाट्या बसल्या. त्या रस्त्यावरून दिसतात ना! फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर. पाणी तापवायला नवा हीट पंप आला. दिवाणखान्याच्या खिडक्यांना दुहेरी काचा लागल्या, कारण पाहुणे तिथे बसतात. सिडनीजवळच्या केलीव्हिलहून श्रीनाथचा मित्र हृषिकेश यायचा, कमरेवर हात ठेवून एकेक वस्तू न्याहाळायचा आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचा, "पेबॅक किती वर्षांत?" म्हणजे घातलेले पैसे बिलातून कधी वसूल होणार. मग दोघं अंगणात उभे राहून तासभर पेबॅक चघळायचे. या सगळ्यात स्वस्त मी. एका शनिवारी बाहेरून जेवण मागवलं तर होईल तेवढीच माझी किंमत. पण मी काही रस्त्यावरून दिसत नाही. मग माझ्या पेबॅकची चौकशी कोण करणार?

पुढे श्रीनाथ घरून काम करू लागला. त्याची मुलगी नुपूर व्हायोलिन शिकत होती, म्हणून त्याने मीटिंगसाठी टेबल गॅरेजमध्ये टाकलं. तिथे आवाज घुमायचा. मग काय केलं असेल? आमची पिशवी खाली काढून स्वतःच्या पाठीमागे उभी केली! आवाज शोषायला! आणि माझ्यावर रेलून, कॅमेऱ्यात बघून, इंग्रजीत ठसक्यात सांगू लागला की उत्सर्जन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सीलिंगचं इन्सुलेशन, आणि तरीही लोक ते का करत नाहीत हे एक कोडंच आहे.

कोडं! कपाळावर हात मारायला मला ना कपाळ, ना हात.

कौतुक माझं एकदाच झालं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सजावट बघणाऱ्या सुरुचीताईंना कैलास पर्वत करायचा होता. श्रीनाथ म्हणाला, "आमच्याकडे आहे की बर्फ!" मितालीला वाटलं, सीलिंगवर घालून उरलेल्या असतील. शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला रचून कैलास केला, वर चमकी भुरभुरली. येणारा प्रत्येक जण म्हणाला, "काय बर्फ आहे! अगदी खरा!" लोकांनी माझ्यासमोर उभं राहून सेल्फी काढले. विसर्जन झालं आणि आम्ही परत पिशवीत, पिशवी परत फळीवर. हिमालय होऊन आले, पण सीलिंगवर काही चढले नाही. ती चमकी अजून अंगाला चिकटलेली आहे.

असं सगळं चाललं होतं, आणि मी नुसती वैतागत होते. माझ्या वैतागाने कोणाचं काही बिघडत नव्हतं, कारण मागच्या खोलीत कोणी राहतच नव्हतं. मग दत्तात्रय आले.

दत्तात्रय म्हणजे मितालीचे बाबा. पुण्यात पोस्टातून रिटायर झालेले. ताठ कण्याचे, बोलायला गोड, पण कोणाकडे काही मागायची वेळ आली की जीव जायचा त्यांचा. मितालीची आई गेली आणि ते सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. मिताली एकुलती एक. ती म्हणाली, "बाबा, आता तिथे एकट्याने राहायचं नाही. इकडे या, कायमचे." एप्रिलअखेर ते आले आणि सामान लागलं मागच्या खोलीत.

नुपूरला तर आकाश ठेंगणं झालं. शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ आजोबांकडे. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं गुळपीठ असं की बघत राहावं. मितालीच्या चेहऱ्यावरची सुद्धा रया परत आली. मला वाटलं, चला, हे घर आता भरलं.

पण मे सरला आणि कॅनबेराच्या थंडीने आपला हिसका दाखवला. गॅरेज आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, तेव्हा मला सगळं ऐकू यायचं. दात वाजलेले ऐकू यायचे. खोकला ऐकू यायचा. आणि हीटरचं बटण टक्कन बंद केलेलं ऐकू यायचं, कारण जावयाचं बिल वाढेल ना! बरं, चालू ठेवूनही काय मोठा उपयोग होता? सगळी ऊब सीलिंगमधून वर आणि कौलांतून बाहेर. हीटर खोलीला कमी आणि सोलरच्या पाट्यांनाच जास्त शेक देत होता.

श्रीनाथ अगदी अदबीने विचारायचा, "बाबा, खोली ठीक आहे ना? थंडी नाही ना वाजत?"

"छे हो, श्रीनाथराव! मस्त आहे. अगदी महाबळेश्वर!"

महाबळेश्वर म्हणे! अंगणातल्या बादलीत सकाळी बर्फाचा पापुद्रा धरत होता! पण मुलीकडे राहायचं म्हणजे जावयाच्या घरी राहायचं, आणि जावयाच्या घरी तक्रार करायची नाही, हे दत्तात्रयांच्या हाडात मुरलेलं. आणि सासऱ्यांनी छे म्हटल्यावर खोदून विचारायचं नाही, हे जावयाच्या हाडात मुरलेलं. दोघेही सभ्य. या सभ्यपणाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मितालीला वडिलांची काळजी होती, नाही असं नाही. तिने एक स्वेटर आणला. मग दुसरा आणला. मग थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी. या आपल्या माणसांना थंडी वाजली की ती माणसाला कपडे घालतात. घरालाही काही घालावं लागतं, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. पुण्यात चालून जातं ते. तिथली थंडी काय, चार दिवस येते आणि खिडक्या उघड्या टाकल्या तरी आपली आपण निघून जाते. आणि मितालीला वाटत होतं की खोलीला इन्सुलेशन तर कधीच घातलंय.

एका शनिवारी दुपारी श्रीनाथ अंगणात फोनवर हृषिकेशशी बोलत होता. "अरे, घेऊन ठेवल्यात की! गॅरेजमध्ये माळ्यावर बॅट्स पडल्यात. या वीकएंडला बघतोच."

दत्तात्रय ऊन खात बसले होते. त्यांनी ऐकलं आणि त्यांची कळी खुलली. "नुपूर, चल! तुझ्या बाबांनी बॅटी घेऊन ठेवल्यात आणि आपण इथे टेनिसच्या रॅकेटने क्रिकेट खेळतोय!"

दोघं गॅरेजमध्ये आले. दत्तात्रय शिडीवर चढले. सूटकेसच्या मागे पाहिलं, टेबलफॅनच्या मागे पाहिलं, आमची पिशवी बाजूला सारून पाहिलं.

"कुठायत गं बॅटी?"

"देअर आर नो बॅट्स, आजोबा. डॅड इज जस्ट सेइंग स्टफ," नुपूर म्हणाली आणि रॅकेट घ्यायला पळाली.

मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, अहो, मीच ती! मीच बॅट! पण धाग्यांना कुठला आवाज?

दत्तात्रयांचा हात मात्र माझ्यावरच राहिला होता. त्यांनी पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून मला चाचपलं. "वा! काय सुरेख पिंजलाय कापूस!" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. श्रीनाथरावांकडे मागावा, तर कशाला हवाय हे सांगावं लागेल, आणि मग महाबळेश्वर उघडं पडेल. एवढ्या गठ्ठ्यातला थोडा नेला तर कोणाला कळणार? त्यांनी मला आणि माझ्या एका बहिणीला ओढून काढलं, पिशवीची फाटकी बाजू भिंतीकडे वळवली आणि शालीखाली झाकून आम्हाला खोलीत नेलं.

त्यांच्या बॅगेत बायकोची एक सुती साडी होती, अबोली रंगाची. तिच्यात त्यांनी आम्हाला गुंडाळलं आणि दाभण घेऊन टाके घातले. पोस्टात उसवलेली पार्सलं शिवून हात बसलेला, त्यामुळे टाके पार्सलाचेच पडले, मोठे आणि पक्के. शिवून झाल्यावर त्यांनी साडीवरून हात फिरवला. "तू असतीस तर हसली असतीस मला," म्हणाले. मला त्यांचा राग येत होता, पण त्या क्षणी तो कुठे गेला कोण जाणे.

तर मी अशी रजई झाले. पण मित्रांनो, मी रजईसाठी जन्मलेली नाही. छाती झाकली की पाय उघडे, पाय झाकले की छाती. आणि वरून पांघरलं तरी श्वासाची हवा गारच ना? खिडकीवर पाणी साचायचं, कोपऱ्यात बुरशी धरली होती. खोकला काही हटेना. मी जीव तोडून एका माणसाला ऊब देत होते, आणि चार हातांवर वर सीलिंगमध्ये माझी रिकामी जागा होती. तिथे आम्ही सगळ्या असतो, तर या माणसाला साध्या चादरीवर झोप लागली असती.

आणि मग एके दिवशी जेवताना दत्तात्रयांनी बॉम्ब टाकला. दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मी म्हणतो, मी आता परत जातो. मला इथे करमत नाही."

मितालीच्या हातातला चमचा ताटात पडला. "बाबा! कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"छे गं, कोण बोलणार? तुम्ही सगळे इतकं करता. पण शेवटी माझं पुणं, माझी माणसं…"

"कुठली माणसं, बाबा? शेजारचे मोहनकाका मुलाकडे नागपूरला गेले. आईही नाही आता. कोण आहे तिथे?"

मग नुपूरचा बारीक आवाज आला, "इज इट बिकॉज ऑफ मी?"

"नाही गं बाळा," एवढंच ते म्हणाले, आणि श्रीनाथकडे वळले. "पुढच्या शुक्रवारचं तिकीट मिळतं का बघा, श्रीनाथराव."

आणि या शहाण्याने बघितलं! बाबांचा शब्द कसा मोडायचा म्हणून तिकीट काढून मोकळा झाला! मिताली दोन दिवस रडून सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जात होती आणि स्वतःचं काय चुकलं ते शोधत होती. अरे, कोणाचं काही चुकलं नाही! 'करमत नाही' म्हणजे 'थंडी वाजते'! तुमच्या भाषेतलं तुम्हालाच कळू नये आणि ते प्लॅस्टिकच्या बाटलीला कळावं?

शुक्रवार जवळ येत चालला. सोमवारी सकाळी श्रीनाथला ऑफिसात भाषण द्यायचं होतं, विषय अर्थातच घरांचं इन्सुलेशन. दाखवायला एखादा नमुना न्यावा म्हणून तो शिडीवर चढला, आणि पिशवी फाटलेली दिसली.

"मिताली! यातल्या दोन बॅट्स कोणी नेल्या?"

मिताली डबा भरता भरता बाहेर आली. "कसल्या बॅट्स?"

"इन्सुलेशनच्या गं. मागच्या खोलीच्या."

"मागच्या खोलीच्या?" मिताली थबकली. "त्या तर तू तेव्हाच माळ्यावर टाकल्यास ना?"

"हो, मग? हा काय माळा!"

मितालीने फळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा जो आवाज लागला, तो मला भिंतीपलीकडच्या बिछान्यावर स्वच्छ ऐकू आला. "अरे, हा माळा? हा? मी तुला त्या माळ्यावर टाक म्हटलं होतं! वरच्या! सीलिंगच्या! म्हणजे त्या खोलीवर काहीच नाहीये? आणि माझे बाबा त्या खोलीत…"

गडबड ऐकून दत्तात्रय चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात आले. कानटोपी डोक्यावरच होती.

"श्रीनाथराव," ते खाली मान घालून म्हणाले, "तो कापूस मी घेतला. विचारायला हवं होतं, चुकलंच माझं. पण बॅट मात्र मी नाही घेतली हो. बॅट तिथे एकही नव्हती."

कोणी हसलं नाही. सगळे खोलीत आले. मी बिछान्यावर पडले होते, अबोली साडीत, पार्सलासारखी. श्रीनाथने मला उचललं, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि खाटेवर बसला. इतक्या दिवसांत तो त्या खोलीत पहिल्यांदाच बसला होता. आणि त्याने सुस्कारा सोडला, तर तोंडातून वाफ निघाली. स्वतःच्या घरात. त्या वाफेकडे तो बघतच राहिला.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत की. मी म्हटलं, महाबळेश्वर. जावयाच्या घरी याहून जास्त काय सांगायचं?"

"जावयाचं घर!" मिताली कडाडली. "हे माझं घर आहे, बाबा! माझं! एकाने धड विचारायचं नाही, दुसऱ्याने धड सांगायचं नाही, आणि मी आपली वेड्यासारखी स्वेटर आणत बसले! तुम्ही थंडीने कुडकुडत घर सोडून चाललात आणि मी विचार करतेय, माझ्या हातून काय कमी पडलं!" आणि ती बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतक्या वर्षांत माझ्या मनातलं कोणीतरी पहिल्यांदाच मोठ्याने बोललं होतं.

श्रीनाथ त्या दिवशी भाषण द्यायला गेलाच नाही. त्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला आणि थातुरमातुर न बोलता सांगितलं की घरात म्हातारा माणूस गारठतोय. तोच इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी हजर! वायरी तपासायला त्याला कॉफी संपवण्याइतकाही वेळ लागला नाही. मग श्रीनाथ तोंडाला मास्क बांधून वर चढला. डोकं आपटलं, गुडघा खरचटला, पँट फाटली, पण एकेक बहीण खालून मिताली देत गेली आणि वर अंथरली गेली. शेवटी दोघींची जागा उरली. नेमकी दत्तात्रयांच्या खाटेच्या वरची. आणि आम्ही दोघी होतो रजईत.

तेवढ्या जाडीच्या बॅट्स दुकानात आठवडाभर येणार नव्हत्या. मिताली म्हणाली, "राहू दे ती जागा. आईच्या साडीची रजई आहे, ती उसवायची नाही."

झालं! इतकी वर्षं आळसाने अडवलं, आता मायेने अडवणार?

दत्तात्रयांनी ब्लेड घेतलं आणि पहिला टाका कापला.

"बाबा, अहो, आईची साडी…"

"साडी कुठे जातेय? ती मी अंगावर घेईन. तुझ्या आईच्या साडीत कधी कोणी प्लॅस्टिक कोंबलं होतं का?" त्यांनी मला बाहेर काढलं, झटकलं, तर जमिनीवर चमकी सांडली. "यात ही चमकी कसली, श्रीनाथराव?"

"ते… कैलास पर्वत," वरून पडेल आवाज आला.

"बरं, बरं. हे घ्या कैलास. बॅटी घ्या!" म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या घरात मनापासून हसले.

मित्रांनो, मी वर पोचले. अंधार होता, धूळ होती, बहिणी खेटून पडल्या होत्या. श्रीनाथने मला जागेवर सारलं, कडा दाबल्या आणि तो खाली उतरला. मी पडून राहिले. काय सांगू तुम्हाला, पडून राहण्यासारखं सुख नाही!

सगळं काही मी एकटीने केलं, अशी फुशारकी मी मारणार नाही. मितालीने बुरशी खरवडून काढली, खिडकीच्या फटी बुजवल्या. पण त्या संध्याकाळी हीटर लावला आणि खालून ऊब वर आली, ती मला टेकली आणि थांबली. पुढे जायला वाट नव्हती. मी श्वास रोखून ऐकत होते. आणि जेवणं व्हायच्या आतच पुन्हा तो आवाज आला. हीटरचं बटण, टक्. पुन्हा बिलाची भीती?

मग दार उघडलं आणि दत्तात्रयांनी मोठ्याने हाक मारली, "अहो श्रीनाथराव! खोलीत फार उकडतंय हो! मी हीटर बंद केलाय!"

जावयाच्या घरातली ही त्यांची पहिली तक्रार. श्रीनाथ धावत आला आणि दारात उभा राहून नुसता हसत राहिला.

गुरुवारी सकाळी नुपूरने विचारलं, "आजोबा, वेअर इज युअर कानटोपी?" ती खुंटीवर होती. दत्तात्रय म्हणाले, "श्रीनाथराव, त्या तिकिटाचे पैसे बुडतील का हो?"

"बुडू देत, बाबा," श्रीनाथ म्हणाला. नुपूरने इतक्या जोरात किंकाळी फोडली की वर माझ्या अंगावरची उरलीसुरली चमकी हलली.

पुढच्या महिन्यात हृषिकेश आला. अंगणात उभा राहून, कमरेवर हात ठेवून त्याने विचारलं, "शेवटी घातल्यास म्हणे बॅट्स? पेबॅक किती वर्षांत?"

श्रीनाथने मागच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा राहिले."

हृषिकेशने कमरेवरचे हात खाली घेतले.

मित्रांनो, अशी आत्मवृत्तं सांगणारे सगळे शेवटी म्हणतात, आम्हाला विसरू नका. मी उलटं सांगते. मला खुशाल विसरा. वर आहे की नाही याची आठवणसुद्धा काढू नका. पण त्याआधी एकदा तुमच्या घरच्या मोठ्यांना शिडी लावून वर बघायला सांगा. दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे घालताना न दिसणारी एखादी स्वस्त वस्तू फळीवर पडलीय का, ते विचारा. आणि घरात कोणी 'करमत नाही' म्हणालं, तर त्याच्या खोलीत जाऊन जरा वेळ बसा.

बाकी माझं म्हणाल, तर मजेत आहे. खाली आजोबा आणि नात पत्ते खेळतायत, आजोबा लबाडी करतायत, आणि मी एकदाची माळ्यावर पडले आहे.